खांबावरचं वेटोळं

मित्रांनो, मी बेडसे गावातल्या खांबांवर ताणलेली एक जुनी केबल आहे. वरून काळी, जाड, रूपाने बेताचीच. पण माझ्या पोटात केसाएवढे बारीक काचेचे बारा धागे आहेत. त्यांतून उजेड धावतो आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावर इंटरनेट चालतं. याचा मला भारी तोरा होता.

मला एकाच गोष्टीची लाज वाटे. मला बांधताना तळेगावच्या केबल जोडणाऱ्या सविताताईंनी दत्तोबांच्या शेताजवळच्या खांबावर माझं एक मोठं वेटोळं गुंडाळून ठेवलं. "अडीअडचणीला असू दे," म्हणाल्या. येणारे-जाणारे हसत. दत्तोबा तर म्हणाले, "बाई, फुकट लटकतंय. कापून द्या, कपडे वाळत घालीन!" सविताताईंनी हसून मान हलवली.

मे महिन्यात वाऱ्याने एक खांब कलला आणि मी शेतात लोंबू लागले. बैलांना अडकू नये म्हणून दत्तोबांनी मला बांबूचा टेकू दिला. भला माणूस! पण तक्रार मात्र कुणीच केली नाही. चारच दिवसांनी त्यांनी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे पाला जाळून जमीन तयार करायला घेतली. शेण, पालापाचोळा पेटला, टेकूही पेटला आणि माझी कातडी वितळली. धागे तुटले.

नेमका त्याच दिवशी ठाकरवाडीच्या निर्मलाचा नर्सिंगचा अर्ज भरायचा होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. डोंगराआड मोबाईलला रेंज नाही. ती संगणकासमोर रडवेली बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निरोप मिळताच सविताताई तीन वाजता स्कूटरवरून आल्या. दत्तोबा खाली मान घालून म्हणाले, "म्या आधार दिलता, बाई. जाळ हितवर यील असं वाटलं न्हाई."

"टेकू दिलात ते बरं केलंत, आबा. पण तेव्हाच कळवायचं होतं. आता ही राख उडू देऊ नका. कणभर बसली तरी सांधा बसायचा नाही."

दत्तोबांनी घागरी ओतून राब विझवला आणि वाऱ्याकडे पाठ करून ताडपत्री धरून उभे राहिले. ताईंनी माझा जळका भाग कापला, वेटोळं सोडून मला पुढे ओढलं आणि एकेक धागा स्पिरिटने पुसून जोडला. उन्हात घाम गळत होता, पण हात नेमका चालत होता. काय ते हात! पावणेपाचला बारावा धागा जुळला. पाचला पाच मिनिटं असताना निर्मलाचा अर्ज गेला.

आज निर्मला पुण्यात शिकते आणि तिची आई पंचायतीत येऊन तिला पडद्यावर बघते.

मित्रांनो, तार लोंबताना दिसली तर लगेच कळवा. तिच्याखाली जाळ करू नका.

खांबावर आता नवं वेटोळं आहे. परवा एकाने ते दोरीसाठी मागितलं. दत्तोबा बांधावरून ओरडले, "हात लावू नगंस! ते पुढच्या निर्मलाचं हाय."