जिभेची साक्ष

“बाबा, सुई स्वतःच्या बोटात कशाला टोचताय?”

हातातली पिशवी खाली ठेवायचेही मुलीला सुचेना. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी म्हातारा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून बसला होता. पुढ्यात ताकाचा रिकामा पेला, शेजारी साखर मोजायचे यंत्र, आणि तर्जनीवर रक्ताचा टपोरा थेंब.

“चाखल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, हा आमचा नियम,” तो म्हणाला. “परवा गोड दूध प्यालो, काल बिनसाखरेचं, आज ताक. साखर जागची हलली नाही बघ. तिन्ही पास. म्हणजे तुझ्या आईलाही—”

“अहो बाबा!” मुलीने कपाळावर हात मारला. “साखरेचा आजार आईला आहे. तुम्ही पोतं रिचवलंत तरी या यंत्राला पत्ता लागणार नाही.”

म्हातारा ओशाळून हसला. चूक त्याची होती, पण ती करायला आयुष्यभराची सवय लागते.

तो डेअरीत दूध चाखणारा होता. पहाटेच्या धूसर उजेडात दुधाचे डबे फलाटावर उतरत, झाकणे उघडत, आणि तो एकेका डब्यातला घोट जिभेवर फिरवून थुंकून टाकी. मग एकच शब्द उच्चारी: ‘पास’ किंवा ‘परत’. पुढच्या डब्याआधी चूळ भरायची, मागच्या चवीचा मागमूसही जिभेवर राहू द्यायचा नाही. आंबूसपणाची नुसती चाहूल लागली तरी डबा परत जाई. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा डबा त्याने परत पाठवला, तेव्हा मेव्हणा तणतणत घरी आला होता. “तुझ्या नवऱ्याला नात्याची काही चाड आहे की नाही?” बायकोने भावापुढे पाणी ठेवले आणि शांतपणे म्हणाली, “दादा, त्यांना नातं कळतं. त्यांच्या जिभेला कळत नाही.”

त्या काळी रोज संध्याकाळी डेअरीतली गोड दुधाची काचेची बाटली तो तिच्यासाठी घरी आणी. पहिला घोट त्याचा. तो डोळे मिटून म्हणे, “पास.” मगच ती हात पुढे करी. “इथे तरी थुंकू नका म्हणजे मिळवली,” असे हसून म्हणत असे. दिवस मावळताना त्या दोघांच्या मधोमध ठेवलेली ती पांढरी बाटली घरातल्या दिव्यासारखी दिसायची.

डेअरी बंद पडून आता युग लोटले होते. बायकोच्या स्मृतीतून माणसे एकेक करून निघून गेली. मुलगी ‘शेजारची ताई’ झाली. नवरा दिवसभर कुणी परका म्हातारा असे; संध्याकाळी हातात बाजारातल्या गोड दुधाची बाटली दिसली की मात्र तिचा चेहरा उजळे. “आलात? आज उशीर केलात हो.” तेवढ्या एका वाक्यासाठी तो उरलेला दिवस ढकलत होता.

आणि नेमकी तीच बाटली आता सोडायची होती. तिच्या पावलाची जखम भरत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच बजावले होते, साखर आटोक्यात आली नाही तर पाय गमवावा लागेल.

त्यांनाच विचारून मुलीने मोजणी नीट लावली. रोज संध्याकाळी एकच पेय, दुसरे काही नाही, आणि दोन तासांनी आईच्या बोटाचा थेंब. गोड दुधाने आकडा भसकन वर चढला. बिनसाखरेच्या दुधानेही चढला, पण पायरी-पायरीने.

“यात तर मी चिमूटभरही साखर घातली नव्हती,” म्हातारा चक्रावला.

“दुधाची स्वतःची साखर असते ना, बाबा. ताकात दूध थोडं, पाणी जास्त, आणि विरजणानेही त्यातली थोडी खाल्लेली असते. सगळ्यांना सारखंच सोसेल असं नाही. पण आईची साखर ताकाने जवळपास हललीच नाही.”

“पण प्यायली किती?”

मुलीने पेला उचलून दाखवला. पेल्यातले ताक आईने जेमतेम दोन घोट घेतले होते आणि उरलेले तोंड वाकडे करून लोटून दिले होते. “आंबलंय. परत पाठवा. आमच्या ह्यांनी बघितलं तर डबाच ओततील.”

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने माळ्यावरची डेअरीची जुनी काचेची बाटली शोधून काढली. धुतली, पुसली, गळ्यापर्यंत पातळ ताक भरले. दार नुसते उघडून पुन्हा लावले, बाहेरून आल्यासारखे, आणि तिच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

“आलात?” ती उजळली. बाटलीला हात लावला आणि थबकली. “आधी तुम्ही.”

त्याने घोट घेतला. जिभेने तत्क्षणी निवाडा दिला. साऱ्या हयातीत या चवीला त्या जिभेने एकच उत्तर दिले होते. दारात मुलगी उभी होती.

“पास,” तो म्हणाला.

तिने बाटली ओठांना लावली. कपाळावर आठी उमटली. तिने त्याच्याकडे बघितले.

“मला आंबट लागतंय हो.”

त्याने बाटलीचा तळ हाताने सावरून धरला.

“माझंच तोंड बिघडलं असेल,” ती म्हणाली. “तुम्ही कशाला चुकाल?” आणि घोटाघोटाने तिने बाटली तळापर्यंत रिकामी केली. “विसळून परत करा हं. डेअरीची आहे.”

त्याने बाटली विसळली, खिडकीत पालथी घातली. नळ वाहत होता. हात सवयीने खोलगट होऊन पाण्याखाली गेला, ओठांपाशी आला, आणि तिथेच थांबला. पाणी बोटांतून गळून गेले. नळ बंद करून तो तसाच तिच्या शेजारी येऊन बसला, चूळ न भरता.