फार गोल वर्तुळ

त्या घरात जमीनजुमला कुणी कुणाला दिला नाही. कातडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या दिली. माशाच्या खवल्यांसारखी, कोरडी. आजोबांच्या वाट्याला थोडी आली, मुलाच्या त्याहून थोडी, आणि नातीला सगळी थकबाकीसह. आजोबा तिला मासोळी म्हणत. रोज संध्याकाळी तिला मलम चोपडणं हे खातं त्यांच्याकडे होतं. त्यांचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला; मलमसुद्धा ते दोन हात देऊन लावत, पहिला वाळल्यावर.

डॉक्टरांना मासोळीला नवं औषध सुरू करायचं होतं. "पण आधी क्षयाची चाचणी," ते म्हणाले. "जंतू अंगात झोपलेला असला, तर हे औषध त्याला उठवून बसवेल."

सिस्टरनी तिच्या हाताच्या आतल्या बाजूला, जिथे खवले नव्हते, तिथे सुई टोचली, भोवती पेनानं वर्तुळ काढलं आणि बजावलं, "परवा दाखवायला या. इथे मलम लावायचं नाही."

आजोबांनी संध्याकाळी सवयीनं मलम लावलं. वर्तुळ गेलं.

सुनेला आजोबा घाबरत नसत. ती घरात असली की फक्त जपून असत. त्यांनी पेन शोधलं, नातीचा हात धरला आणि वर्तुळ परत काढलं.

"आजोबा, हा हात नव्हता."

"मला शिकवू नकोस. आणि आईला सांगू नकोस." मग ते खोकले. हा त्यांचा रंगाचा खोकला. पाट्या सुटल्या, तो सुटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सिस्टरनी हात पाहिला. फुगवटा नाही, काही नाही. कागदावर शून्य लिहिता लिहिता त्या थबकल्या.

"हे वर्तुळ कुणी काढलं?"

"तुम्हीच की," सून म्हणाली.

"माझी वर्तुळं बटाट्यासारखी येतात. सगळा दवाखाना हसतो. हे फार गोल आहे. शिवाय याला सावली दिलीय."

आजोबा छताच्या पंख्याचा अभ्यास करू लागले.

"बाबा?" सून म्हणाली.

"सावलीशिवाय काम उठून दिसत नाही."

मासोळीनं मुकाट्यानं दुसरी बाही वर केली. "खाज इथे येतेय."

तिथे टणक गाठ होती. सिस्टरनी बोटानं चाचपली, पट्टीनं मोजली आणि डॉक्टरांना हाक मारली. मासोळीच्या छातीच्या फोटोत काही निघालं नाही. जंतू झोपलेलाच होता.

"पण आला कुठून?" डॉक्टरांनी विचारलं. "घरात कुणी खोकतं?"

आजोबांनी श्वास रोखला. आधी लाल झाले, मग जांभळे, आणि मग जे खोकले ते खिडकीची तावदानं हलेपर्यंत.

"आमच्या वडिलांनाही होता," ते डोळे पुसत म्हणाले. "घराण्यातला आहे."

"कातडी घराण्यातली, आजोबा. खोकला तुम्ही स्वतः कमावलाय. आणि बहुधा नातीला वाटलाय."

आजोबा मासोळीच्या हाताकडे बघत राहिले.

त्यांच्या थुंकीत जंतू निघाले. दोघांच्याही गोळ्या सुरू झाल्या. नवं औषध त्यानंतरच, असं ठरलं. मलमाचं खातं मुलाकडे गेलं. आजोबा तोंडाला मास्क लावून दारातून देखरेख करतात: "अरे, पहिला हात वाळू दे."

आजोबा गोळी घेताना मात्र मासोळी दारात उभी राहते.

"मास्क काढा. आ करा. जीभ उचला."

"अगदी आईवर गेलीस."

"घराण्यातलं आहे," मासोळी म्हणते. "गिळा आता."