दरवाजाची काच आणि कागदाच्या आठ पट्ट्या

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलात त्यांनीही थोडं पुढे सरका. ज्यांची गोष्ट सांगतोय त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि त्यांची गोष्ट लांबून ओरडून सांगणं मला बरं वाटत नाही. मोटारीच्या दरवाजाची एक काच बदलायची, एवढीच गोष्ट. पण देव आपल्या माणसाची परीक्षा कुठे घेईल ते काही सांगता येत नाही बुवा. कुणाला तो रणांगणात उभा करतो, कुणाला मोटारीच्या दारात.

गाड्यांच्या काचा बसवायचं एक दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे काचमामा म्हणत. खरे मामा ते एकीचेच, दुकानाच्या मालकिणीचे. तिची आई लवकर गेली तेव्हा मामांनीच तिला वाढवलं, शिकवलं, आणि पुढे दुकानही तिच्या नावावर करून दिलं. ती आता चाळिशीला आली होती, चार माणसं तिच्या हाताखाली होती, पण मामा तिला सगळ्यांसमोर हाक मारायचे, "चिमणे!"

चाळीस वर्षं पॉलिशच्या चाकाशेजारी उभं राहून मामांचे कान गेले होते. कानात घालायचं यंत्र होतं, पण दुकानाच्या गलबल्यात ते नुसतं कुंई कुंई करायचं, म्हणून ते घरी डबीत असायचं. समोरच्याच्या ओठांकडे बघून मामा सगळं समजून घेत. न पटणारं बोलणं सुरू झालं की मात्र छताकडे बघत.

तर एका सोमवारी भाचीने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"छताकडे बघू नकोस, मामा. एक तारखेपासून तू घरी बसायचं."

"का? माझे हात कापायला लागले?"

"हात नाही रे. परवा मागून गाडी येत होती, हॉर्न वाजत होता आणि तू तसाच वाकून बसलेला. वीतभर अंतर राहिलं होतं. आणि गेल्या महिन्यातली ती दोन दारांची गाडी? वेग घेतला की काचेपाशी शिट्टी वाजते म्हणून परत आली. तुला ती ऐकूच येत नाही. मग तू तपासणार कशी?"

 गाडीचं सोडा, पण शिट्टीचं बोलणं मामांना लागलं. दुकानात त्यांचा हात लागलेलं काम पुन्हा कधी परत येत नसे, अशी चाळीस वर्षांची ख्याती.

"एक काम दे," ते म्हणाले. "दोन दारांचीच गाडी दे. शिट्टी वाजली तर मी आपण होऊन हत्यारं खाली ठेवीन. नाही वाजली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि मधेच कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही म्हणून काही गोंधळ घातलास तर?"

मामा छताकडे बघत होते.

देवाने ऐकलंच म्हणायचं. बुधवारी सकाळी दारात एक लालभडक स्पोर्ट्स कार येऊन थांबली. बुटकी, दोन दारांची, चालकाच्या बाजूच्या खिडकीला काचेऐवजी कचऱ्याची काळी पिशवी चिकटवलेली. आतून गुडघे धरत एक पांढऱ्या केसांच्या बाई बाहेर पडल्या. शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या.

"हसून घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचे सगळे हसून झालेत. सून म्हणते, या वयात गाडीत बसायला शिडी लागते लोकांना, तुम्हाला विहिरीत उतरावं लागतं."

"काच कशाने फुटली?" भाचीने विचारलं.

"चेंडूने. मारणारा माझाच जुना विद्यार्थी. कोन चुकला त्याचा, तेव्हाही चुकायचा."

मामा तोवर दरवाजाला कान नव्हे, हात लावून उभे होते. त्यांनी बाईंकडे बघून विचारलं, "फुटल्यावर काच वरखाली करायचं बटण दाबलंत का?"

"दोनदा. म्हटलं, चालतंय का बघावं."

"सगळे तेच करतात. या काचेचा फुटून साबुदाण्याएवढा चुरा होतो आणि तो दरवाजाच्या पोटात पडतो. बटण दाबलं की आतली यंत्रणा तो चुरा भरडत बसते. आता हात लावू नका. दुसरं, दार जोरात आपटू नका. तिसरं म्हणजे तुमच्या दाराला वर चौकट नाही. साध्या गाडीत काच चौकटीच्या खाचेत जाऊन बसते, तिला कुठे जायचं ते खाच सांगते. तुमची काच उघडी उभी राहते आणि छताच्या रबराला नुसती टेकते. किती उंच, किती आत झुकलेली, किती पुढे, हे सगळं आपल्याला सांगावं लागतं. एक केस इकडेतिकडे झाला तर पाणी येतं."

"आणि शिट्टी," भाची म्हणाली.

मामांनी ते ओठांवरून बरोबर वाचलं.

पहिल्या दिवशी त्यांनी बॅटरी सोडवली आणि दहा मिनिटं घड्याळ बघत स्टुलावर बसले. दरवाजात अपघाताच्या वेळी फुगणारी पिशवी असते, तिच्यातली वीज उतरायला वेळ द्यावा लागतो. मग आतलं अस्तर काढलं, त्यामागचा प्लास्टिकचा कागद न फाडता सोलला. पाणी अडवणारा तो कागद घाईची माणसं फाडतात आणि मग पाय का भिजतात म्हणून विचारत येतात. जुन्या काचेचे दोन नट जिथे आवळलेले होते तिथे त्यांनी मेणाच्या पेन्सिलीने भोवती रेघा ओढल्या. नवी काच याच जागी बसवायची, म्हणजे निम्मं काम झालं.

संध्याकाळी ते घरी गेले, आणि भाचीने काय करावं? मामांचं काम सोपं व्हावं म्हणून तिने व्हॅक्युमने दरवाजातला चुरा काढला, आणि पोटातला पत्रा स्पिरिटने असा पुसला, असा पुसला, की आरसा! तिची ती लहानपणापासूनची सवय, शाळेच्या पाटीची चौकटसुद्धा घासायची. त्यात मेणाच्या रेघाही गेल्या.

सकाळी मामा दरवाजात वाकले ते वाकलेलेच राहिले. मग वळून म्हणाले, "चिमणे, माझ्या रेघा?"

भाचीने तोंडावर हात ठेवला. "मामा, मी मुद्दाम नाही रे... देवाशप्पथ."

"तोंडावरचा हात काढ, मला वाचता येत नाही."

"मुद्दाम नाही पुसल्या!"

"माहीत आहे. तू मुद्दाम काही बिघडवायला लागलीस तर इतकं चकाचक बिघडवणार नाहीस." त्यांनी मान वळवून गाडीच्या पलीकडच्या बाजूला बघितलं. "असू दे. गाडीला दुसरं दार आहे ना?"

"सोड ना, मामा. कंपनीच्या माणसाला बोलावते. पैज राहू दे."

"पैज तुझी-माझी आहे. काच बाईंची आहे. ती मी बसवणार."

नवी काच आली तेव्हा तिची जाडी मामांनी मोजली. जुन्या चुऱ्यातला एक तुकडा घेऊन त्याच्याशी जुळवली. अर्धा मिलिमीटर पातळ. भाची म्हणाली, चालून जाईल. मामांनी ती काच घोंगडीत गुंडाळून परत पाठवली आणि दोन दिवस दुसऱ्या काचेची वाट बघितली.

शनिवारी त्यांनी वर्तमानपत्राच्या आठ पट्ट्या कापल्या, सगळ्या दोन बोटं रुंद. शाबूत दाराकडे गेले. काच आणि रबर यांच्या मधे पहिली पट्टी धरली, दार लावलं, पट्टी हळू ओढली. डोळे मिटलेले. कागद किती अडतो, कुठे सुटतो, ते बोटांत साठवलं. मग दुसरी जागा, तिसरी, अशा आठ. प्रत्येकीच्या ओढीला त्यांनी एकेक नाव दिलं आणि खडूने जमिनीवर लिहिलं. पहिली 'ओल्या कपड्यासारखी', तिसरी 'वहीतून पान काढल्यासारखी', आठवी, आरशाच्या कोपऱ्यातली, 'सैल अंगठीसारखी'.

चहाला आलेल्या बाई ते वाचून म्हणाल्या, "मामा, याला आम्ही गणितात काही तरी आकडे देतो."

"द्या की. बोटांना आकडे कळत नाहीत, बाई."

नवी काच बसली. नट अर्धा फेरा घट्ट, पट्टी ओढायची. पुन्हा अर्धा फेरा सैल, पट्टी ओढायची. जेवणाचा डबा तसाच राहिला. एकेक जागा दुसऱ्या दारासारखी बोलायला लागली. आठवी तेवढी जरा जास्त घट्ट लागली. मामा मनात म्हणाले, घट्ट म्हणजे चांगलंच की, वाऱ्याला जागाच नको. बॅटरी जोडली, काच पूर्ण वर नेऊन बटण दाबून धरलं, म्हणजे गाडीला कळतं की वर म्हणजे कुठवर. मग मुठीला हात घातला तशी काच दार उघडायच्या आधी बोटभर खाली सरकली, दार लावल्यावर पुन्हा वर गेली. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

भाची आणि मामा गाडी घेऊन मोठ्या रस्त्याला लागले. चाळीस, साठ, ऐंशी. मामा रस्त्याकडे बघत नव्हते, भाचीच्या चेहऱ्याकडे बघत होते. नव्वदला तिची भुवई हलली.

 तिने सांगितलं नसतं तर मामांना कळणारही नव्हतं, आणि तिच्या मनात तसं आलंही असेल. आईच्या मागे ज्यांनी वेण्या घातल्या त्यांना हे कसं सांगायचं? पण तिने गाडी कडेला घेतली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "शिट्टी आहे, मामा. बारीक आहे. कुठून येते ते कळत नाही. कधी मागून वाटते, कधी छतातून."

मामांनी मान हलवली. "बरं केलंस सांगितलंस. परत फिरव."

दुकानात येऊन त्यांनी बाईंना सांगितलं, "काम झालेलं नाही. थोडं थांबावं लागेल." आणि पुन्हा कामाला लागले. बाकी माणसं घरी निघायच्या तयारीला लागली होती. मामांनी नव्या पट्ट्या कापल्या, या वेळी करंगळीएवढ्या अरुंद, आणि जमिनीवरच्या खडूच्या ओळीसमोर उकिडवे बसले. आठवी, सैल अंगठीसारखी. नव्या काचेच्या दारात ती घट्ट होती. ते पुटपुटले, "मला आवडलं म्हणून मी ते सोडून दिलं."

त्यांनी आठव्या जागेवर बारीक पट्टी ओढली. घट्ट. तिच्याशेजारी, सातवीकडे बोटभर सरकून ओढली, तर पट्टी अलगद हातात आली. काहीच अडवत नव्हतं. एका जागी रबर उचललं गेलं की शेजारी पोकळी राहते. मामांनी रबराचा ओठ अंगठ्याने मागे केला आणि करंगळीचं टोक आत फिरवलं. थांबले. चिमट्याने काहीतरी बाहेर काढून भाचीच्या तळहातावर ठेवलं. जुन्या काचेचा दाणा, मोहरीपेक्षा थोडा मोठा.

"व्हॅक्युमला सापडला नाही," भाची हळूच म्हणाली.

"मलाही सापडला नव्हता. बोटांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

या वेळी बाईंनी गाडी चालवली. परत येऊन त्या गाडीतून निघाल्या आणि म्हणाल्या, "शंभराच्या पुढे नेली. सुनेला सांगू नका. आत इतकं शांत होतं की माझ्या गुडघ्यांची कुरकुर ऐकू आली."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते आपली हत्यारं एकेक करून फडक्याने पुसून पेटीत भरत होते. पाना, चिमटा, मेणाची पेन्सिल. भाची समोर येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"शिट्टी वाजली होती, चिमणे. नंतर गेली ते गेली. ठरलं होतं."

"ठरवलं आपण दोघांनी होतं, आणि अर्धवट ठरवलं होतं." ती त्यांच्यासमोर खाली बसली, म्हणजे ओठ नीट दिसावेत. "मला शिट्टी ऐकू आली तरी मी वर्षभर तो दाणा शोधत बसले असते. सगळं रबर बदललं असतं आणि दाणा नव्या रबराखाली ठेवला असता. तू घरी बसलास तर दोन दारांची गाडी या दुकानात घेता येणार नाही. मी ऐकते, तू शोध. पण मागून गाडी येण्याचा मुद्दा मी सोडणार नाही. तू फक्त आतल्या खणात, त्या मागच्या भिंतीकडच्या जागेत काम करायचं. मी तिथे साखळी लावते. तू आत असेपर्यंत तिथे एकही चाक हलणार नाही."

"साखळी? मी काय कुत्रा आहे?"

"कुत्र्याला ऐकू येतं, मामा."

मामांनी छताकडे बघितलं नाही.  मग पेटी उचलून आतल्या खणात नेऊन ठेवली आणि विचारलं, "साखळी कधी लावतेस?"

ती त्याच संध्याकाळी लागली. मामांनी पुढे तिथे सहा वर्षं काम केलं. गाडी रस्त्यावर नेऊन भाची ऐकायची, परत येऊन बोटाने दाखवायची की साधारण या बाजूला, आणि मामा डोळे मिटून पट्टी ओढायचे. शेवटची काच त्यांनी बसवली ती एका रुग्णालयातल्या परिचारिकेच्या गाडीची, आणि तीही परत आली नाही.

माझं म्हणणं एवढंच, मायबाप. कधी भरधाव गाडीत बसाल, काच वर कराल आणि बाहेरचा सगळा गोंगाट एकदम थांबेल, तेव्हा त्या शांततेत क्षणभर काचमामांची आठवण काढा. ती शांतता त्यांनी कितीतरी लोकांना दिली.