दोरीवरचा डाग

सिनू नदीवर कपडे धुणाऱ्या आमच्या बायका चिरूट उलटा ओढतात, पेटलेलं टोक तोंडात. हात साबणात असतात, आणि लोकांच्या पांढऱ्या चादरींवर राख पडून चालत नाही. माझी आई एदुविखेस लग्न होऊन आली, तेव्हा आजीने, म्हणजे तिच्या सासूने, पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवलं. तोंड भाजलं की आजी म्हणायची, "जीभ शिकते गं, तुझ्यासारखी हट्टी नसते ती."

घरात आणखी एक रीत होती. सुनेच्या पाळीच्या कापडाच्या घड्या सासूला दिसतील अशा अंगणातल्या दोरीवर वाळत घालायच्या. माझ्यानंतर आईला मूल झालं नव्हतं आणि बाबांना मुलगा हवा होता. दोरीवर घड्या दिसत होत्या तोवर आशा होती, आणि त्या घरात आईला जागाही होती.

चाळिशी गाठली तेव्हाच आईची पाळी थांबली. तिने कुणाला सांगितलं नाही. भाताला तांबडा रंग देणाऱ्या अचिओतेच्या बिया पाण्यात कुस्करून ती महिन्याच्या महिन्याला घड्यांवर डाग पाडायची, अर्धवट धुवायची आणि दोरीवर टाकायची.

एका सकाळी आजीने घडी ओढून नाकाशी नेली. शेजारणी कुंपणाशीच होत्या.

"सूनबाई, आज भात पांढराच मिळणार वाटतं. रंग तर सगळा इथं सांडलाय."

बायका हसल्या. आईने घडी परत घेतली, नीट दुमडली आणि बादली उचलून नदीवर गेली. पुढच्या महिन्यात बाबा मागच्या गल्लीतल्या एका तरुण बाईकडे राहायला गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं, की वयाबरोबर बाईच्या अंडाशयातली संप्रेरकं कमी होतातच, पण तंबाखूचा धूर पाळी लवकर थांबवू शकतो, आणि मग हाडंही लवकर ठिसूळ होतात. आईने चिरूट सोडायचं ठरवलं. आता सोडून कुणासाठी, असं आजीने विचारलं, आणि आई पुन्हा ओढायला लागली. साठीच्या आतच ती नदीच्या दगडावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. ती अंथरुणातून उठली नाही.

ती गेल्यावर नवव्या दिवशी प्रार्थनेला त्याच शेजारणी जमल्या. आजीने चिरूट पेटवून माझ्या मुलीपुढे, लुसेलीपुढे धरला.

"घे पोरी. मोठी झालीस आता."

मी तो घेतला आणि पाण्याच्या भांड्यात बुडवला.

"ही ओढणार नाही, आजी. आणि हिचे कपडे कुणी दोरीवर तपासणार नाही."

"आम्ही सगळ्या ओढतच आलो."

"हो. मग त्या दिवशी आईची घडी नुसत्या वासावरून कशी ओळखलीस?"

आजीने भांड्यातून विझलेला चिरूट बाहेर काढला. मग हळूच म्हणाली, "मीही त्याच बिया वापरायचे. माझ्या सासूला वास कळला नाही, एवढंच."

मी खोलीतल्या बायकांकडे पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही.