तीन जावई आणि बाचा आकडा

माझ्या बाचे हात दोन वर्षांपासून थरथरतात. अल्लाल भट्टीवाला म्हणून मोरोक्कोतल्या मेकनेसच्या जुन्या शहरात ज्याचं नाव, त्याला आता पिठाचा गोळासुद्धा धड वळता येत नाही. हात गेले, तसं दुकानातलं एकेक काम गेलं. मळणं गेलं, तवा गेला, भट्टीत भाकरी सारायची लांब फळी गेली. शेवटी एकच काम उरलं होतं. रोज सकाळी तो गव्हाच्या रव्याच्या पेटीवर बसायचा, दाराबाहेर बघायचा आणि आज किती भाकऱ्या करायच्या तो आकडा सांगायचा. तेवढ्यासाठी तो पहाटेची नमाज उरकून काठी टेकत सहा गल्ल्या ओलांडून यायचा.

तो आकडा हुकायला लागला होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या रमजानात दोनदा तर माल संपून बायका माझ्याशी भांडल्या आणि चार दिवस बतबूत इतक्या उरल्या, की गल्लीतल्या मांजरांनीही तोंड फिरवलं. बतबूत म्हणजे आमची तव्यावरची फुगलेली भाकरी. रोजा सोडायला ती लागतेच, पण शिळी झाली की कुणी हात लावत नाही.

माझी मुलगी शैमा रबातला संख्याशास्त्र शिकते. या रमजानला घरी आली, तेव्हा मीच तिला म्हटलं, बघ बाई काही जमतंय का. तीन वर्षांचा रोजचा खप मी कॅलेंडरच्या पानांवर टिपून ठेवला होता. तिनं तो लॅपटॉपात घातला आणि तीन पद्धती मांडल्या. एक पद्धत गेल्या चार-पाच दिवसांकडे बघून उद्याचं सांगायची. दुसरी गेल्या रमजानातल्या त्याच रोज्याचा आकडा काढून द्यायची. तिसरी खप चढतोय की उतरतोय ते बघून त्याच वाटेनं पुढे जायची.

बानं पहिल्याच दिवशी त्यांना तीन जावई म्हणायला सुरुवात केली. पहिला विसराळू, त्याला आठवड्यापलीकडचं आठवत नाही. दुसरा जुनी गाणी गाणारा. तिसरा उतावळा, दोन पावलं चढला की डोंगर चढल्याच्या गप्पा. शैमा हसली, पण मला बाचा आवाज बरोबर ऐकू आला. नवे जावई घरात आले, की म्हाताऱ्याला खुर्ची सोडावी लागते.

पहिला आठवडा शैमानं एक चूक केली. काल ज्या जावयाचा आकडा सर्वांत जवळचा ठरला, त्याचं आज ऐकायचं. म्हणजे विसराळू जिंकला की दुसऱ्या दिवशी विसराळू, तो आपटला की गाणारा. रोज आम्ही कालच्या शहाण्याचं ऐकून आज वेडे ठरत होतो. एकदा गुरुवारी उतावळा जिंकला आणि शुक्रवारी त्यानं दोनशे भाकऱ्या फुकट घालवल्या. दुकानातल्या तव्यावरच्या दोघी, मबारका आणि तिची बहीण फदमा, उरलेल्या भाकऱ्या पिशव्यांत भरत बसल्या.

मग शैमानं निवडणं सोडून दिलं आणि तिघांची सरासरी काढली. एकाची चूक वर, दुसऱ्याची खाली, बेरजेत दोन्ही विरतात, असं ती म्हणाली. खरंच सुधारलं. दहाव्या रोज्याला तिनं आजोबांनाही त्यात घेतलं. सकाळी ती तिन्ही आकडे मोठ्यानं वाचायची, मग विचारायची, "बासिदी, तुमचा?" आमच्याकडे आजोबांना बासिदी म्हणतात. बा सांगायचा, ती चौघांची सरासरी काढायची आणि आम्ही तेवढा माल करायचो. पाच दिवस इतके छान गेले, की मी संध्याकाळी पाय लांब करून बसायला लागले. बासुद्धा खूश होता, कारण त्याला वाटत होतं की त्याचंच ऐकलं जातंय.

सोळाव्या रोज्याला त्यानं सहाशे सांगितले आणि फदमानं पाचशे पंचवीस थापल्या. बानं मोजल्या. त्याला पीठ मळता येत नाही, पण मोजता येतं.

"सहाशे कुठे गेल्या?" त्यानं विचारलं.

शैमानं सरळ सांगून टाकलं. या पोरीला खोटं बोलता येत नाही, ते तिनं तिच्या बापाकडून घेतलंय. "बासिदी, तुमचा आकडा आणि बाकी तिघांचे मिळून सरासरी काढते मी."

"म्हणजे मी चौथाई?"

"चौथाई, पण महत्त्वाची."

"पंचावन्न वर्षं या भट्टीला पोसलं, आणि मला जावयांच्या पंगतीत चौथ्या पानावर बसवलंस."

तो उठून गेला. मी शैमावर चिडले, मग स्वतःवर चिडले, मग विनाकारण मबारकावर ओरडले.

दुसऱ्या दिवशी बा वेळेवर आला, पेटीवर बसला, तिन्ही आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "नऊशे." शैमा दचकली, पण आजोबांना काय बोलणार? तिघांची सरासरी पाचशे होती, बाचे नऊशे धरून सहाशे झाली. तो दिवस गेला. पुढच्या दिवशी बा आठशे ऐंशी म्हणाला, त्याच्या पुढच्या दिवशी फक्त दोनशे. माल पुन्हा कधी उरायला लागला, कधी कमी पडायला लागला. एका संध्याकाळी शैमा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "यम्मा, बासिदींचं काहीतरी बिघडलंय. आकडे असे भरकटतात, म्हणजे डोक्यात... उद्यापासून त्यांचा आकडा धरत नाही मी. विचारेन, पण धरणार नाही."

हात गेले तेव्हा बा रडला नव्हता. आता डोकंही गेलं असं पोरगी म्हणतेय, आणि रोज त्याला खोटंखोटं विचारायचं, हे मला सहन होईना. पण मलाही भीती वाटत होती, म्हणून मी पोरीला अडवलं नाही, उलट बानं मोजू नये म्हणून थापलेला माल आत ठेवायला लागले. बाला वगळल्यावर आकडे काही सुधारले नाहीत. रमजान संपत आला की खप वाढतो, तिन्ही जावई मागे राहिले आणि रोज वीस-पंचवीस बायका रिकाम्या हातानं परत जायला लागल्या.

एकोणतिसाव्या रोज्याच्या दुपारी रवा काढायला मी बाची पेटी उघडली. एरवी बाच तिच्यावर बसलेला, त्यामुळे आम्ही रवा गोणीतूनच घ्यायचो. त्या दिवशी तो नमाजेला गेला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं आकडे लिहिलेले होते. एकाखाली एक, सतराव्या रोज्यापासून आजपर्यंत. सहाशे. पाचशे ऐंशी. पाचशे दहा. सहाशे चाळीस. त्यात कुठेही नऊशे नव्हते.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला एक मिनिट लागलं. आपल्याला चौथाईच धरतात हे कळल्यावर म्हातारा रोज हिशेब करत होता, की आपण कितीचा झटका दिला म्हणजे सरासरी आपल्या आकड्यावर येईल. तिघं आधी बोलायचे, हा शेवटी, म्हणून जमायचं. आणि खरा आकडा इथे, झाकणाखाली. मला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

मी झाकण उचलून शैमासमोर ठेवलं. तिनं ते आकडे लॅपटॉपात घातले आणि खपाशी ताडून पाहिले. "नुसते बासिदी असते तर रोज पंचावन्नची चूक," ती म्हणाली. "त्यांच्याशिवाय सत्तरची. त्यांचा खरा आकडा धरून चौघं असते, तर पंचवीसची. यम्मा, मी त्यांना वेड्यात काढलं."

तेवढ्यात बा दारात आला. त्यानं झाकण बघितलं, आम्हाला बघितलं आणि त्याचे कान लाल झाले.

"तुझ्याशी खोटं बोललो," तो शैमाला म्हणाला, "पेटीशी नाही बोललो." मग माझ्याकडे वळला. "रकिया, हिचे जावई पुरे पडले की मी घरी भिंतीकडे तोंड करून बसायचं, एवढंच ना? मग मी कशाला चौथाई होऊन राहू?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. तो एकोणतिसावा रोजा होता. संध्याकाळी देशात कुठेही चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर उद्या तिसावा रोजा. ईद ठरली की लोक टीव्हीसमोरून उठून थेट आमच्या दारात, सकाळच्या चहासोबत मस्मन हवी म्हणून. मस्मन म्हणजे घडीची चौकोनी पोळी. रोजा ठरला तर मस्मनला कुणी विचारत नाही, उद्या दुपारनंतर सगळ्यांना बतबूत हवी. शैमानं चाचरत पडदा आमच्याकडे फिरवला. गाणारा जावई म्हणत होता मस्मनच करा, कारण गेल्या वर्षी एकोणतीस रोजेच झाले होते. बाकी दोघं बतबूत म्हणत होते. आणि सरासरी म्हणत होती, थोडी ही, थोडी ती.

बानं तो पडदा नाकाजवळ घेतला. "पोरी, उद्या थोडा रोजा आणि थोडी ईद असेल, असं शहर मला दाखव. मी तिथं दुकान टाकतो."

शैमाला हसू आवरेना. "मग काय करू? निवडू? आत्ता कसं निवडणार?"

"आत्ता निवडायचंच नाही. पीठ एकच आहे. दोन्हीकडे तोच रवा, तेच पीठ, आज खमीर तेवढं चिमूटभर घालू. गोळे करून तेल लावून झाकून ठेव. चंद्र दिसला तर थापून घड्या घालायच्या, लोक रांगेत उभे राहतील आणि गरम नेतील. नाही दिसला तर गोळे फ्रिजमध्ये, रात्रभरात हळूहळू फुगतील, उद्या त्याच्या बतबूत. मबारका आणि फदमा मात्र इथंच थांबल्या पाहिजेत."

मबारका म्हणाली, रोजा सोडायच्या वेळी परक्या भट्टीत बसायला तिला नवऱ्यानं टाकलेलं नाही. बानं तिला सांगितलं, की रोजा सोडायचं गरम सूप, हरीरा, त्याच्या घरून येईल आणि खजूर तो स्वतः आणेल. फदमानं विचारलं, हरीरा कोणी केलाय. माझ्या वहिनीनं, असं कळल्यावर दोघी थांबल्या.

"एकूण गोळे किती?" शैमानं विचारलं. "एकूण आकड्याची सरासरी चालेल ना, बासिदी? आकार चंद्रावर सोडू, पण किती ते तर आत्ताच ठरवावं लागेल." या वेळी तिनं लॅपटॉप बंद करून ठेवला होता. "तुम्ही आधी सांगा. मी तिघांचं नंतर वाचते."

बा दाराबाहेर बघत राहिला. समोरून कोण कोण चाललंय, कुणाच्या पिशवीत काय आहे, तो काय बघतो ते मला आजवर कळलेलं नाही. "आठशे," तो म्हणाला. चौघांची सरासरी सातशे चाळीस आली. बानं तोंड वाकडं केलं.

सूर्य मावळल्यावर आम्ही पाचजण रव्याच्या गोण्यांवर बसून हरीरा प्यायलो. समोरच्या न्हाव्याच्या टीव्हीवर बातमी यायला वेळ लागला. चंद्र दिसला. दक्षिणेत कुठेतरी. न्हाव्यानंच रस्त्यातून ओरडून सांगितलं आणि आमच्या दारात त्याची बायको पहिली उभी राहिली. त्यानंतरचा दीड तास मला आठवतो तो फक्त तेलाचा वास आणि फदमाच्या शिव्या. शेवटी परातीत बारा गोळे उरले. बा ते तीनदा मोजून आला.

ईद झाली. शैमा रबातला परत निघाली तेव्हा बा तिला गाडीपर्यंत सोडायला आला नाही, पेटीवर बसून राहिला. ती वाकून त्याच्या डोक्याचं चुंबन घेत म्हणाली, "बासिदी, तुमच्या आकड्याशिवाय माझे तिघं सत्तरनं चुकतात. रोज सकाळी सात वाजता फोन करीन. आधी तुम्ही, मग मी."

"चौथाईच धरणार ना?"

"चौथाईच. पण खरा सांगायचा."

त्यानं उठून झाकण उघडलं आणि आतला खडू बाहीनं पुसून टाकला.

तेव्हापासून सात वाजायच्या कितीतरी आधी तो दुकानात येतो. फोन समोर मांडतो, डोळे त्यावरच. वाजला की मात्र लगेच उचलत नाही. तीनदा वाजू देतो. पहिल्याच घंटेला उचलला तर आपल्याला काही काम नाही असं पोरीला वाटेल, म्हणतो.