उस्ता तुर्गुनच्या खिशातला भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. भाजीचा नव्हे, त्याला एवढी प्रतिष्ठा कुठली! मी मुठीत मावणारा. चुस्त गावातल्या एका परसात वेलीवर वाळलो, तेल चोळून चोळून तांबूस झालो आणि सुऱ्या घडवणाऱ्या उस्ता तुर्गुनच्या खिशात गेलो. माझ्या पोटात नस्वाय असे: तंबाखू, चुना आणि राख यांची हिरवी भुकटी. तीस वर्षं ती मी चिमूट चिमूट त्याच्या जिभेखाली पोचवली. चहाखान्यात लोक मला हातात घेऊन वाखाणत. कौतुक कोणाला नको असतं?

मग जिभेखाली एक फोड आला, तो जाईना. शहरातल्या डॉक्टर मुनिसाने त्याचा कण काढून तपासला. कॅन्सर निघाला.

"तंबाखू?" तिने विचारलं.

"छे! सिगारेटला आयुष्यात शिवलो नाही."

खरंच होतं ते. चुस्तमध्ये नस्वायला कोणी तंबाखू म्हणत नाही. आणि मी तर त्याच्या खिशातच होतो.

पुढच्या खेपेला तिने सूक्ष्मदर्शकाखाली त्याला तपकिरी रंगलेल्या पेशी दाखवल्या. "उस्ताआका, चटके बसले की पेशी तग धरायला एक प्रथिन बनवते. आजारी पेशीही बनवते. तुमच्या गाठीत ते फार आहे, म्हणून हा तपकिरी रंग."

उस्ताने डोळा भिंगाला लावला. "म्हणजे भट्टीत घालून घालून हिला सुरीसारखं पाणी चढलंय म्हण."

"तसंच. किती चढलंय त्यावरून आजार पुढे किती चिवट निघेल, हे कळतं का, ते आम्ही शोधतोय. अजून पक्कं नाही. पण भट्टी चालूच राहिली, तर माझ्या उपचारांचं काही खरं नाही. कुठली भट्टी, ते सांगा."

उस्ता छताकडे बघू लागला. तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, सोबिराने, त्याच्या खिशात हात घातला आणि मला टेबलावर आदळलं.

"ही घे पोरी, भट्टी! तीस वर्षं सांगतायत, दातांचं औषध आहे म्हणून. दात कधीच गेले, औषध चालूच!"

शस्त्रक्रियेत जिभेचा तुकडा गेला. मी मुनिसाच्या खिडकीत आलो. इथे आम्ही तिच्या रुग्णांचे अकरा भोपळे आहोत. काहींचे मालक आता येत नाहीत.

मित्रांनो, अशा वेळी वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला जपू नका. धूळ बसली तर बसू द्या. फक्त रिकामा ठेवा.

काल उस्ता तपासणीला आला होता. त्याने मला उचललं, कानाशी नेऊन हलवलं. काही वाजलं नाही. मला जागेवर ठेवून तो खुर्चीत बसला आणि मुनिसाने सांगण्याआधीच त्याने तोंड उघडलं.