हप्ते फिटेपर्यंत

मी एक सोफा आहे. आखातातल्या एका शहरात, बनेद अल-गार वस्तीत, चौथ्या मजल्यावरच्या एका दिवाणखान्यातून आपल्याशी बोलत आहे. या घरात येऊन मला बारा वर्षे झाली आणि या बारा वर्षांत माझ्यावर कोणीही बसलेले नाही. ही तक्रार नव्हे. काही देह उपभोगासाठी जन्मतात, काही तपश्चर्येसाठी. माझ्या वाट्याला तपश्चर्या आली, इतकेच.

युद्धानंतर हे शहर पुन्हा उभे राहत होते, त्या दिवसांत अशरफ नावाच्या कारागिराने मला घडवले. सागवानी सांगाडा, मरून मखमल, सिंहाच्या पंजासारखे पाय. काम संपल्यावर तो क्षणभर माझ्यावर टेकला, स्प्रिंगा दाबून पाहिल्या, "बढ़िया" म्हणाला आणि उठला. मनुष्यस्पर्शाचे माझे पुण्य तेवढेच.

मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातले अभियंते गुरुप्रसाद यांनी मला बँकेच्या कर्जातून घरी आणले. पगाराच्या किती पट कर्ज घेता येईल याला कायद्याची मर्यादा होती. गुरुप्रसादांनी ती काठोकाठ गाठली. जामीन म्हणून त्यांच्या पत्नी लीनाताईंनी सही केली. त्या इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवीत. नाशिकला त्यांची आई एकटी होती आणि तिची नजर मंदावत चालली होती. म्हणून सही करण्यापूर्वी त्यांनी वचन घेतले: हप्ते फिटले की परतायचे, आईला दिसते आहे तोवर तिच्याजवळ राहायचे. गुरुप्रसादांनी देवासमोर हात जोडून होकार दिला. लीनाताईंनी स्वतःसकट साऱ्या घराला एक नेम लावून दिला. फिटेपर्यंत वस्तू परक्याची. तिच्यावरचे प्लास्टिक काढायचे नाही आणि तिच्यावर बसायचे नाही. कन्या जुईली म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ सोफा." तिला सतरंजी दाखवण्यात आली.

दर एकादशीला इथे भजन होई. मंडळी जमिनीवर, मी त्यांच्या पाठीशी. धन मातीमोल आहे, हे गाताना गुरुप्रसाद डोळे मिटून डोलू लागत. तो भाव खोटा नव्हता. फक्त बँक उघडेपर्यंत टिकत नसे. तबल्यावर त्यांचे स्नेही चंद्रहास असत. एकदा ते लीनाताईंना म्हणाले, "वहिनी, हा सोफा नुसता दर्शनाचाच असेल, तर दोन फुलं तरी वाहत जा."

हप्ते संपत आले आणि नियम बदलला. मर्यादा वाढली. गुरुप्रसादांनी नवे कर्ज घेतले, जुने त्यात विरघळवले, आणि माझ्यासमोर कपाटाएवढा टीव्ही आला. लीनाताईंनी निमूटपणे सही केली. त्या संध्याकाळी फोनवर त्यांनी आईला सांगितले, की यंदा जमत नाही, थोडी कळ काढ.

आईने कळ काढली. वर्षे गेली, हप्ते पुन्हा सरत आले, आणि मर्यादा पुन्हा वाढली. गुरुप्रसाद बकलावा या इथल्या मिठाईचा डबा घेऊन आले. आधी त्यांनी देवाला नैवेद्य दाखवला. बँकेच्या परिपत्रकासाठी नैवेद्य मी प्रथमच पाहिला.

"अगं, आता दोघांच्या पगारावर मिळून देतात," ते म्हणाले. "चालून आलेला प्रसाद नाकारू नये."

"प्रसाद आहे, तर जामीन कशाला लागतो?" लीनाताईंनी विचारले.

"नियमच आहे तसा. सरकारच म्हणतंय ना, इतकं घ्या."

"सरकार इतकं घ्या म्हणत नाही. याच्यापुढे घेऊ नका म्हणतंय. तुम्ही कुंपणाला मुक्काम समजता. या वेळी माझी सही नाही."

तिसऱ्या दिवशी चंद्रहास जामीन झाले, आणि त्यांच्या कर्जाला गुरुप्रसाद. दोघे बुडणारे एकमेकांना धीर देत खोल पाण्यात उतरले. दारात मोटार आली, इतकी लांब की ती उभी करायला जागा मिळेना.

शाळेला सुट्टी लागताच लीनाताई जुईलीला घेऊन नाशिकला गेल्या. परतीचे तिकीट त्यांनी काढले नाही. जाताना त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली. भांडण माझ्याशी नव्हते.

परवा त्यांचा फोन आला. तो सर्वांना ऐकू येईल असा लावण्याची गुरुप्रसादांना सवय आहे. घरात सर्व म्हणजे आता मीच.

"आईनं मला आवाजावरून ओळखलं," लीनाताई म्हणाल्या. "तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, बारीक झालीस. दिसत काहीच नाही तिला आता." मग त्यांनी विचारले, "तुम्ही कधी येताय?"

"हप्ते फिटले, की लगेच," गुरुप्रसाद म्हणाले. फोन ठेवून ते सतरंजीवर टेकले. गुडघे आता दुखतात. बसायला एक हात जमिनीवर टेकवावा लागतो.

माझा आवाज त्यांना ऐकू जात असता तर मी इतकेच म्हटले असते: गुरुप्रसादराव, ज्यांनी नेम लावला त्या नाशिकला निघून गेल्या. आता तरी वर बसा. कागदोपत्री मी बँकेचा असेनही. पण इतक्या वर्षांत बँकेतून कोणीही माझ्यावर बसायला आलेले नाही.